ओढ्यापलीकडच्या मुली

आमच्या शाळेला दोन खोल्या होत्या आणि एक ओसरी. गाव प्रवरेकाठचं, कोल्हारचा बाजार पायी करून यावं इतक्या अंतरावरचं. पाटाला पाणी आलं तसा ऊस वाढला, जवळपास साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग कुठकुठची माणसं गावात राहायला आली. त्यांची मुलंही आमच्याच शाळेत येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. शाळेला पाट्या मिळत नव्हत्या, तर खोल्या कुठून मिळणार? मी तिसरीत गेले तेव्हा एका खोलीत तीन वर्ग भरत होते. पाटीवर लिहिताना कोपर शेजारणीच्या बरगडीत जायचं. गुरुजी एका वर्गाला पाढे म्हणायला लावायचे आणि दुसऱ्याला त्याच वेळी कविता.

या गर्दीचा मला मात्र फायदा झाला. आम्ही ख्रिस्ती मुलं पूर्वी दाराशी, उंबऱ्याला लागून बसायचो. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, पण बसायचो. गर्दी वाढली तशी दाराकडची मुलं आत ढकलली गेली, आणि एक दिवस मी भिंतीशी, एका मोठ्या शेतकऱ्याच्या मुलीच्या मांडीला मांडी लावून बसलेली होते. तीही तिसरीतच होती. तिच्याजवळ पेन्सिलीचे तुकडे असायचे, मला हिशेब चांगला यायचा. एवढ्यावर आमची मैत्री जमली.

आम्ही दोघीही ओढ्यापलीकडच्या. गावातून निघालं की आधी ओढा लागे. तो ओलांडला की तिच्या वडलांची वस्ती, पुढे पाटाची चारी, म्हणजे पाटातून शेतांकडे फुटलेला लहान कालवा, आणि चारीच्या पलीकडे थोडी माळ्यांची घरं आणि शेवटी आमची. तिच्या वडलांना सगळे अण्णा म्हणत. ते शाळेच्या कमिटीवर होते. माझे वडील गवंडी होते. अण्णांच्या विहिरीचं बांधकाम त्यांनीच केलं होतं, आणि त्यांच्यात बरोबरीची नाही म्हणता येणार, पण चांगल्यापैकी ओळख होती. बाबा तिकडून जाताना अण्णा हाक मारून बसवत, तंबाखू पुढे करत.

एका हिवाळ्यात शाळा तपासणारे साहेब आले. त्यांना गावात डिपोटी म्हणत. त्यांनी मुलं पाहिली, खोल्या पाहिल्या आणि सांगून गेले की एवढी मुलं या शाळेत चालणार नाहीत. ओढा ही हद्द धरावी, ओढ्यापलीकडच्या मुलांनी पुढच्या गावच्या शाळेत जावं.

पुढचं गाव कोसभर लांब. वाट सगळी उसातून. तिथली शाळा एका गोठ्यात भरायची आणि एकच गुरुजी, तेही बाहेरून सायकलवर येणारे.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमली. माळ्यांच्या घरची आली, आमच्या वस्तीची आली, अण्णाही आले. अण्णा आमच्या अंगणात येऊन बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. पुरुष मंडळी बोलत होती की पोरं काय, चालतील, सवय होईल. तेव्हा आई आतून बाहेर आली. आई शेतावर कामाला जायची, पण तिला वाचता येत होतं, आणि वस्तीत वाचता येणारी ती एकटीच बाई होती.

"पोरं चालतील," ती म्हणाली, "पोरींचं काय? उसातनं कोसभर कोन धाडील आपली पोरगी? तुमी धाडाल? आज आपल्याकडच्या सात पोरी शाळेला जात्यात. ही हद्द पडली की एक बी जायाची न्हाई."

 मग अण्णाच बोलले.

"बाई खरं बोलतिया. माझी बी पोरगी त्यातच हाय. ऱ्हायलो तर सगळे ऱ्हाऊ, गेलो तर सगळे जाऊ. आपण साहेबाला भेटू."

साहेब कोल्हारच्या बंगल्यावर उतरणार होते. आमची वीसेक माणसं तिथं गेली. बायका येऊ नयेत असं काहींचं म्हणणं होतं, पण आई आली, आणि तिच्यामुळे माळ्यांच्या दोघी आल्या. मलाही नेलं. बंगल्याच्या बाहेर लिंबाखाली आम्ही दुपारपर्यंत बसून राहिलो. शेवटी साहेब ओसरीवर आले. सावळे, बारीक, चष्मा घातलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि आईला बोलताना मधे तोडलं नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

"माझा तुमच्या मुलींशी काही दावा नाही," ते म्हणाले. "मला जागा नाही. खोली असती तर हद्द कशाला घातली असती?"

बाबा पुढे झाले. "साहेब, खोली आमी बांदली तर?"

"सरकारकडून काही मिळणार नाही. पत्रा नाही, लोखंड नाही."

"धाबं घालू की मातीचं. दगूड ओढ्यात हाय."

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. कमिटीचे म्हणून अण्णा त्यांच्या ओळखीचे होते. अण्णा म्हणाले, "माझी हमी, साहेब."

"मग बांधा," साहेब म्हणाले. "खोली झाली तर कुणाला हलवायची गरज उरणार नाही."

परत येताना सगळे एवढे मोठ्याने बोलत होते की वाटेवरचे लोक थांबून पाहत होते.

नाताळ झाला आणि काम निघालं. बाबा बाहेरगावची कामं सोडून गावातच राहिले. ओढ्यातले दगड माळ्यांच्या गाड्यांनी वाहिले. चुना मिळेना, तेव्हा भिंती मातीतच रचल्या, फक्त कोपऱ्यांना बाबांनी घडीव दगड घातला. अण्णांनी लिंबाची दोन झाडं तोडून दिली, त्यांच्या तुळया झाल्या. आमच्या वस्तीतल्या बायका शेतावरून आल्या की चिखल तुडवायला उभ्या राहत. आम्ही मुली पाणी आणत होतो. गावातलं, ओढ्याच्या अलीकडचं कुणी फारसं आलं नाही, कारण त्यांच्या मुलांना कुठे जायचंच नव्हतं.

बाबांना मी एरवी कधी गाणं म्हणताना ऐकलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात ते भिंतीवर बसून उपासनेतली गाणी म्हणत. खिडकी कुठे ठेवायची हे त्यांनी मला आणि माझ्या मैत्रिणीला विचारलं. आम्ही दोघींनी पूर्वेची भिंत दाखवली, तिथून ओढा दिसत होता म्हणून, आणि बाबांनी खरंच तिथं खिडकी ठेवली. वैशाखातली अखिती झाल्यावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, घातलं. एक दिवस सगळी वस्ती मातीच्या पाट्या हातोहात वर देत होती. खाली अण्णा उभे होते, सदऱ्याच्या बाह्या वर करून. त्यांनीही पाट्या उचलल्या. जमीन सारवायला आम्ही मुली बसलो तेव्हा माझी मैत्रीण काही बोलत नव्हती. उन्हानं डोकं दुखतंय म्हणाली.

जूनमध्ये शाळा उघडली. आम्ही सात जणी धुतलेले परकर घालून गेलो. नवीन खोलीच्या दारात मोठे गुरुजी उभे होते. त्यांनी आम्हाला आत जाऊ दिलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना आमच्याकडे पाहवत नव्हतं एवढं खरं. ते म्हणाले, "बाळांनो, हद्द ठरून आलीय. चारीच्या पलीकडच्या मुलांची नावं पुढच्या गावी गेली आहेत."

मला वाटलं त्यांचं चुकलं. ओढा म्हणायचं होतं आणि चारी म्हणाले. मग लक्षात आलं की माझी मैत्रीण आमच्यातून निघून कधीच आत गेली होती. हद्द ओढ्यावरून उचलून चारीवर नेली होती. मधे फक्त एक वस्ती होती, तिच्या वडलांची. आणि नव्या खोलीत कारखान्याकडच्या नवीन मुलांना बसवलं होतं.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "साहेबाला अण्णांनी नीट सांगितलं नसंल," म्हणाले, आणि पागोटं बांधून तसेच निघाले. मी त्यांच्या मागे गेले. आईही आली.

अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी चहा सांगितला. बाबा म्हणाले, "चहा ऱ्हाऊ द्या, अण्णा. शाळेत काय तरी घोळ झालाय. साहेबाकडं जायाला लागंल."

अण्णांनी तंबाखूची चंची बाजूला सारली. मग म्हणाले, "घोळ न्हाई, मिस्त्री. साहेबावर वरनं जोर आला. कारखान्याची पोरं घ्यायचीच हुती. खोली झाली तरी सगळी मावत न्हाईत म्हनाला. ओढ्याच्या पल्याडची एकच वस्ती ठेवता येईल, म्हनाला. एकच. मी काय करनार?"

"कवा म्हनाला?"

अण्णांनी आत पाहून पुन्हा चहा सांगितला.

"अण्णा, कवा म्हनाला?"

"पाडव्याच्या आसपास."

बाबा खाली बसले. ओट्यावर नाही, अंगणातच. पाडव्याला भिंती खिडकीपर्यंतच आल्या होत्या. त्यानंतर महिना दीड महिना आमची माणसं राबली होती, आणि हा माणूस त्यांच्यात उभा राहून मातीच्या पाट्या उचलत होता.

"मग आमाला सांगितलं का न्हाई?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"सांगितलं असतं तर तुमी काम टाकलं असतं," अण्णा म्हणाले. "अर्धी खोली कुनाच्या उपयोगाची?"

ते हे इतक्या साधेपणाने म्हणाले की त्यांना त्यात काही वावगं दिसत नसावं. आईला मात्र दिसलं. ती म्हणाली, "अण्णा, ऱ्हायलो तर सगळे ऱ्हाऊ, असं आमच्या अंगनात बसून कोन बोललं?"

"बाई, तुमच्या लोकांना नगरला मिशनच्या शाळा हायेत. बोर्डिंग हाय. माझी पोर कुठं जाईल?"

"माझी पोर नगरला न्हाई जन्मली. हितं जन्मली," आई म्हणाली. "आन् माळ्यांच्या पोरींना कुठली मिशन हाय?"

अण्णा उठून आत गेले. चहा आला होता, तो ओट्यावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मला मैत्रीण ओढ्यावर भेटली. मी तिला एकच गोष्ट विचारली, तुला ठाऊक होतं का. ती रडायला लागली. "आईनं बोलू नको म्हनून सांगितलं हुतं," म्हणाली. तिचं वय काय, माझं काय. नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं आईचं ऐकलं यात तिचा दोष नाही हे मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नुसतं कळून फारसं काही होत नाही. जमीन सारवताना ती माझ्या शेजारी बसली होती, आणि ती कुणासाठी सारवतोय हे तिला ठाऊक होतं.

आईनं सोडलं नाही. आम्हा मुलींना आणि चार-पाच बायकांना घेऊन ती शाळेच्या ओसरीवर जाऊन बसली, सलग कितीतरी दिवस. मोठे गुरुजी त्यांना पाणी देत, पण आमची हजेरी घेत नसत. साहेब पुन्हा कोल्हारला आले तेव्हा ती एकटी गेली. या खेपेला त्यांनी तिला मधेच थांबवलं. आपण लेखी काहीच दिलेलं नव्हतं, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. आम्ही शब्दावर खोली बांधली होती.

पाऊस सुरू झाला आणि ओसरीवर बसणाऱ्या बायका शेतात गेल्या. मग आई रोज सकाळी आम्हा मुलींना घेऊन पुढच्या गावी चालू लागली. हातात काठी, डोक्यावर पोत्याची खोळ. आम्हाला गोठ्यात सोडून ती तशीच कामाला जायची आणि दुपारी पुन्हा घ्यायला यायची. कामाला उशिरा पोचते म्हणून तिला दोन ठिकाणी बोलणी बसली. गुरुजी कधी यायचे, कधी चिखलात सायकल रुतली म्हणून यायचे नाहीत. दसऱ्यापर्यंत आम्ही सहाच्या चौघी झालो, संक्रांतीपर्यंत तिघी. माळ्यांच्या एका मुलीच्या पायाला वाटेत काहीतरी चावलं. बरी झाली, पण तिच्या आजीनं तिला परत पाठवलं नाही.

बाबा त्या खोलीवरून जाताना मान खाली घालत. अण्णांकडे ते पुन्हा कधी बसले नाहीत, पण अण्णांनी वाटेत रामराम केला तर हात जोडत. आईला याचा राग यायचा. एकदा तिनं विचारलं, "कशाला जोडता हात त्यांना?"

"माज्या हातनं निगतंच न्हाई दुसरं काई," बाबा म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि लाजही वाटली.

ते साहेब बदलून गेले. लढाई संपली. कारखान्यानं आपल्या माणसांसाठी वेगळी शाळा काढली आणि आमच्या शाळेतली गर्दी एका उन्हाळ्यात ओसरली. नवीन साहेबांनी येऊन विचारलं की पलीकडची मुलं एवढ्या लांब का जातात.  हद्द उठली. मोठ्या गुरुजींनी आमच्याकडे निरोप धाडला की मुलींना परत पाठवा.

आई त्याच दिवशी माळ्यांच्या घरोघर गेली. मी बरोबर होते. एका मुलीचं लग्न ठरलं होतं. एक शेळ्या राखत होती, ती आमच्याकडे पाहून नुसती हसली. जिच्या पायाला चावलं होतं तिची आजी म्हणाली, "आता काय करायची शाळा? तिला भाकरी यायला लागली." आई दारात बराच वेळ उभी राहून बोलली. आतून कुणी बाहेर आलं नाही. आमच्या वस्तीतल्या, माझ्याखेरीजच्या दोघींपैकी एक नगरला बोर्डिंगात गेली होती, म्हणजे अण्णांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं. दुसरीची आई म्हणाली, धाडते.

घरी आलो तेव्हा बाबा अंगणात आपली गवंडीकामाची करणी धूत होते. "किती जनी झाल्या?" त्यांनी विचारलं.

"दोगी," आई म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.