आतोबांचे जव आणि आत्याचे पेरू

जगातली कुठलीही गोष्ट एकटी पाहायची नाही, तिच्या शेजारी दुसरी ठेवल्याखेरीज तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी शपथ घेऊन जन्माला आलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या धाकट्या आत्याच्या पदरी पडला. आतोबा बोईसरच्या मालधक्क्यावर कारकून होते. जन्मभर गवताच्या गासड्या आणि मिठाची पोती एकाच काट्यावर चढवल्यामुळे त्यांना ही खोड लागली असावी. मला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा मुलीने पोहे आणून ठेवले. आतोबांनी एक घास खाल्ला, मुलीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "पोह्यांपेक्षा मुलगी बरी आहे." माझ्या आईला असा ठसका लागला की पाणी आणायला मुलीलाच परत आत जावं लागलं. लग्न झालं ते झालंच, पण माझ्या बायकोने पुढे कधी त्यांना पोहे म्हणून वाढले नाहीत. पालघरला एका घरी धाकटा भाऊ वारला म्हणून सांत्वनाला गेलो असताना त्यांनी, "थोरला गेला तेव्हा खांदेकरी जास्त होते, पण रडणं मात्र या वेळी मनापासूनचं वाटलं," असं म्हटलं. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. वाटेत मला म्हणतात कसे, "अरे, मी स्तुतीच केली!"

निवृत्त झाल्यावर ते तारापूरच्या रस्त्याला घर बांधून राहिले. घराभोवती आत्याने लावलेले सात पेरू होते. मूलबाळ नव्हतं, तेव्हा आत्याने सगळ्या नातेवाइकांची सोय त्या झाडांत केली होती. बाहेरून गोड आणि आत अळी, ती 'जाऊबाई'. फळ कमी नि सावली जास्त, ते 'मामंजी'. आणि अंगणाच्या तोंडाशी, दगडासारखी फळं धरणारं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला फांदी मारणारं झाड म्हणजे 'वन्सं', म्हणजे आतोबांची थोरली बहीण. खऱ्या वन्सं डहाणूला असत आणि त्यांच्यासमोर आतोबांचा आवाज साठी उलटल्यावरही फुटत नसे. घरामागे भाताचं खाचर होतं आणि त्यापलीकडे खाडीला लागून एक तुकडा होता, उन्हाळ्यात मिठाने पांढरा पडणारा.

साल नेमकं आठवत नाही, पण तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं आणि रस्त्यावर ट्रकांची धूळ उडायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. आत्याला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. कळ आली की ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि घामाने भिजायची. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज तीनदा बार्लीचं पाणी पाजा, नाहीतर मुंबईला नेऊन पोट फाडावं लागेल. पोट फाडण्याच्या नुसत्या बोलण्याने आतोबांचा चेहरा उतरला. त्यात बार्लीचा डबा मुंबईहून येणारा. एक महिना आला, दुसऱ्या महिन्यात दुकानातून नाहीसा झाला. आतोबा भडकले. "बार्ली म्हणजे काय? जव! धान्याने डब्यातून यावं? तांदूळ येतो का डब्यातून?" आणि मला घेऊन तसेच पालघरच्या वाण्याकडे गेले. तो श्राद्धाला नि नवरात्राच्या घटाला लागतात तेवढे जव पुडीत बांधून देत असे. आतोबांनी पाच किलो मागितले. वाण्याने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सगळं घरच गेलं की काय?"

जव मिळाले, पण पाजून ते पुरणार किती दिवस? पेरायलाच हवेत. पण कुठे? खाचर भाताचं, खाडीकाठी मीठ, उरली पेरूंची जागा. आतोबांनी शाळेतल्या पोरांची असते तशी वही आणली, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'जव' आणि उजवीकडे 'पेरू' लिहिलं. दोघांचं मागणं काय, देणं काय, याची तुलना तीन दिवस चालली. जव चार महिन्यांत मोकळा होतो, पेरू तीन वर्षं थांबवतो. पेरूचं फळ खाता येतं, कोशिंबीर होते, पाला चावला की दाढ दुखायची राहते, फांदीची बेचकी होते, लाकडाचा दांडा होतो. जव आजाऱ्याला लागतो, पितरांना लागतो आणि घोड्याला लागतो. "पेरूवाचून कोणी मरत नाही," असा निकाल लिहून आतोबा चैत्रातल्या एका दुपारी आमच्या घरी पालघरला आले आणि पाणी पिता पिता म्हणाले, "उद्या पेरू तोडतोय. सातही."

ज्या बाईने नवऱ्याला दोनदा वाढलं नसेल, पण त्या झाडांना उन्हात घागरी वाहिल्या, तिचे पेरू! दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सायकल हाणत तारापूर रस्त्याला पोचलो. आतोबा कुऱ्हाड घेऊन उभेच होते आणि तिचा दांडा याच झाडांच्या फांदीचा होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी पुस्तकात वाचलं होतं; डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. आत्या पायरीवर कमरेला हात लावून बसली होती. मला वाटलं, रडेल, ओरडेल. ती शांतपणे म्हणाली, "तोडायचेच तर वन्संपासून सुरू करा. वाटेत त्याच आहेत."

आतोबा त्या झाडापाशी गेले. कुऱ्हाड उचलली. वर पाहिलं. कुऱ्हाड खाली आली, पण नुसतीच, झाडाला न लागता. पुन्हा उचलली. थोरल्या बहिणीवर हात उगारायचा कसा! दरवर्षी भाताच्या कामाला येणारा काळू वारली कुंपणाशी उभा राहून हे सगळं पाहत होता. त्यानेच सुटका केली. "दादा, झाडा कशाला तोडतोस? भात काय नि जव काय, पानी नाय मिलला तर दाना भरंल कसा? खाचरात लाव ना. आमी आवनी करून देतो."

आतोबांना पेरू सोडून जवाशेजारी ठेवायला भात मिळाला आणि ते हरखून गेले. मलाही ते बरोबर वाटलं, हे कबूल करतो. आमच्याकडे दाणा म्हणजे भात, दुसरी अक्कल कोणाला होती? मग जवासाठी राब भाजला, म्हणजे पालापाचोळा नि शेण पसरून जमीन जाळली. त्यात रोप केलं. आणि आषाढात काळूच्या घरच्या बायांनी ते उपटून गुडघाभर चिखलात ओळीने लावलं, हीच आवणी. आतोबा छत्री धरून बांधावर उभे. आठव्या दिवशी जव पिवळे पडले, पंधराव्या दिवशी खाचरात घाण वास सुटला. काळूने एक रोप उपटून नाकाशी नेलं आणि म्हणाला, "दादा, या तर कुजला. हा भाताचा भाऊ नाय." आतोबांनी घरात जाऊन वहीत डावीकडे लिहिलं, 'पाय कोरडे हवेत.' आत आत्या पुन्हा भिंतीला टेकून बसली होती.

तरी हा माणूस खचला नाही. उरलेले जव त्यांनी कार्तिकात कुठे पेरावेत? खाडीकाठच्या त्या मिठाच्या तुकड्यावर! तिथे गवतसुद्धा तोंड वाकडं करून उगवायचं. गाव हसलं, मी हात जोडले. आणि पौषात जाऊन पाहतो तर विरळ, खुरटे, पण हिरवेगार जव वाऱ्यावर हलत होते. पावसाने वरचं मीठ धुऊन नेलं होतं, उरलेल्याची त्या दाण्याला फिकीर नव्हती. फाल्गुनात चिमण्यांनी ठेवलेलं पीक घरी आलं, दोन पायल्यासुद्धा नसेल. आत्याने स्वतः उखळात कांडलं, उकळलं, गाळलं. आतोबा समोर उकिडवे बसून राहिले. तिने घोट घेतला.

"कसं आहे?"

"डब्यातलं बरं होतं," आत्या म्हणाली.

जन्मभर दुसऱ्यांवर केलेला तो वार स्वतःवर आल्यावर आतोबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते बाहेर गेल्यावर आत्या मला हळूच म्हणाली, "अरे, माझा खडा भाद्रपदातच पडला. डॉक्टरांनी पाहिलंसुद्धा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हे रिकामे झाले असते. आणि रिकामे झाले की ह्यांना कुऱ्हाड आठवते."

सबंध हिवाळा ती बाई नको असलेल्या जवाची वाट पाहत होती, सात पेरूंसाठी.

त्यानंतर तीनेक वर्षांनी आत्या गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. दिवसकार्य उरकल्यावर महिन्याभराने मी गेलो, तर आतोबा त्या खाऱ्या तुकड्यावर वाकून मूठभर जव पेरत होते. मला राहवलं नाही. "आतोबा, आता कोणासाठी?"

ते हात झाडत उठले. "तेव्हा तरी कोणासाठी होते? खडा भाद्रपदातच पडला होता. डॉक्टर बोलले होते मला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिला वाटत होतं, मला काम हवं. मग केलं काम."

आजवर आतोबांनी मला पुष्कळ धक्के दिले, पण हा सोसवला नाही. मी त्यांच्यामागून अंगणात आलो. सातही झाडं तशीच उभी होती आणि वन्संची फांदी माझ्या कपाळाला लागलीच. आतोबांनी तिचा एक पेरू तोडून माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. दगडासारखा होता. मला त्यांना बोलतं करायचं होतं, म्हणून मी विचारलं, "आत्या कशी होती हो, आतोबा? सांगा ना, कोणासारखी?"

आतोबांनी झाडाकडे पाहिलं, हातातल्या पेरूकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं. शेजारी ठेवायला त्यांना काहीच सापडलं नाही. ते खाली मान घालून पेरू खात राहिले.