दूधवाल्या काकांनी पाणी घातलं

काकांची सगळी अब्रू एकाच गोष्टीवर उभी होती: आपल्या दुधात पाण्याचा थेंब नाही. गिऱ्हाइकांना हे ते इतकं ऐकवायचे की लोक दुधाआधी ते वाक्यच पिऊन घ्यायचे. खोकल्याचं औषधसुद्धा काका पाण्यात घेत नसत. चमचा चाटून तोंड वाकडं करायचे, पण तत्त्व सोडायचे नाहीत.

म्हणून थंडीच्या तोंडावर गाडीत इंजिन थंड ठेवणारं कूलंट भरलं, तेही निर्भेळ. डब्यावर ‘निम्मं पाणी मिसळा’ असं छापलेलं. छापणाऱ्याला लाज नाही, असं म्हणून काकांनी अख्खा डबा आत ओतला.

मग एका पहाटे काचेवर बर्फाची साय धरली. सगळं दूध वाटून काका परत निघाले, तर चढावर इंजिनाचा काटा थेट लाल रेघेला भिडला. काकांनी गाडी कशीबशी मेहुणीच्या गॅरेजात आणली.

मेहुणीला तर पर्वणीच. काका झाकणाला हात घालणार, तोच तिने पान्यानेच तो बाजूला सारला. इंजिन निवल्याशिवाय उघडायचं नाही, वाफेने तोंड भाजेल, आणि भावोजींचा निम्मा धंदा तोंडावर चालतो, असं तिचं म्हणणं.

इंजिन निवल्यावर तिने कूलंटचा दाटपणा मोजून पाहिला आणि कपाळाला हात लावला. नुसतं कूलंट कडाक्याच्या थंडीत उलट लवकर घट्ट होतं, इंजिनाची उष्णताही धड वाहून नेत नाही. पाणी मिसळलं की दोन्ही कामं नीट होतात.

“म्हणजे भेसळीने माल सुधारतो?” काकांचा आवाज खोल गेला.

“हा माल, भावोजी. तुमच्या दुधाबद्दल मी काही बोलले का?”

गॅरेज भर रस्त्यावर. गाडीत दुधाच्या किटल्या, आणि शेजारी आपण पाणी ओततोय, हे कुणी पाहिलं तर? काकांनी आधी शटर ओढायला लावलं. मेहुणीने निम्मं कूलंट काढून घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. गोडसर असतं, मांजराने चाटलं तर जिवानिशी जायचं. मग डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काकांच्या हातात दिला आणि स्वतः हाताची घडी घालून उभी राहिली. असा सोहळा ती थोडीच सोडणार?

काकांनी डोळे मिटून धार धरली, आणि शटर वर गेलं. दारात शाळेच्या बाई, पंक्चर स्कूटर घेऊन. बाई म्हणजे काकांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक.

“काय ओतताय, काका?”

खोटं बोलायची सवयच नव्हती. “पाणी,” काका म्हणाले, आणि त्यांनी कॅन पाठीमागे लपवला. मेहुणी मदतीला यावी, तर ती ओठ चावत छताकडे बघत होती.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं: काका पाणी घालताना सापडले, वर कबूलही झाले.

दुसऱ्या दिवशी एकोणीस घरांनी काकांना दारात उभं करून दूध तापवलं. साय धरेपर्यंत हलायचं नाही. बाहेर गाडी तासन्‌तास चालू, पण काटा जागचा ढळला नाही. काका मात्र दर घरी नव्याने उकळत होते. बाईंचं घर शेवटचं. त्यांनी पातेल्यातली जाड साय चमच्याने उचलून पाहिली, ओशाळल्या, आणि हळूच म्हणाल्या की डॉक्टरांनी साय बंद केलीय; उद्यापासून जरा पातळ देता येईल का?

काका गाडीपर्यंत गेले, दार उघडलं, आणि तसेच परत आले.

“पाणी तुमच्या नळाचं घाला, बाई. मी फक्त इंजिनाला देतो.”