टपालवाल्याच्या भुंग्यांना पत्ता नव्हता

लिही, मेरले, आणि मधेमधे हसू नकोस. तुझा आजोबा, एवाल्ड, माणूस चांगला. पण डोक्याला ताप! चाळीस वर्षं या गावात सायकलवरून टपाल वाटलं त्यानं. खांद्याला टपालाची पिशवी, दांड्याला बांधलेली जाळी. लोक मला विचारायचे, "लीस्बेट, तुझा नवरा पत्रं द्यायला येतो की भुंगे धरायला?" काय सांगणार, कपाळ?

ते केसाळ, गलेलठ्ठ भुंगे. घरी आणून टाचणीला लावायचा, टाचणीतच खाली चिठ्ठी, मोहरीएवढ्या अक्षरांची. एकतीस पेट्या झाल्या, काचेच्या झाकणाच्या. कुठे ठेवल्या? माझ्या चादरींच्या कपाटात! वर डांबरगोळ्या. आलेला पाहुणा उशीला नाक लावायचा नाही.

जाताना म्हणाला, "पेट्या शहरातल्या संग्रहालयाला दे गं. फेकू नकोस." हो म्हणून बसले. आता मेल्या माणसाला शब्द दिला म्हटल्यावर सुटका आहे का?

संग्रहालयातून एक टीडेमानबाई आली. पोरसवदाच, गळ्यात भिंग. पहिली पेटी उघडली तेव्हा खूश, दोन चिठ्ठ्या वाचल्या आणि चेहरा पडला.

"आजी, याच्यावर जागाच लिहिलेली नाही हो. कुठे सापडला ते कळलं नाही तर तो आमच्या काही उपयोगाचा नाही. नुसता मेलेला किडा."

"असं कसं? चिठ्ठी आहे की!"

"आहे ना. ऐका. 'आल्मुट सायकलवरून पडली तिथे.' 'डबा विसरलो तो बाक.' 'लीस्बेट रागावली ती जागा.'"

बघ! जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते वाचून घरोघर टपाल टाकलं, आणि स्वतःच्या भुंग्याला धड पत्ता लिहिला नाही!

बाई झाकण लावायला लागली. मी झाकणावर हात ठेवला. म्हटलं, "बस गं बाई. कॉफी ठेवते. तू वाच, मी सांगते."

माझी शाळा लढाईत सुटली, वाचायला मला अर्धा दिवस लागतो. पण कोण कुठे पडलं ते मला पाठ! तीन दिवस बसलो, दोन रुबार्ब केक संपले. आल्मुट, माझी धाकटी बहीण, पडली ती गिरणीच्या ओढ्याशी. डबा राहिला तो दफनभूमीबाहेरच्या बाकावर. बाई नकाशात बोट ठेवायची, लिहायची.

पण रागावले त्या चिठ्ठ्या निघाल्या बावीस!

"आजी, ही कुठली जागा?"

"अगं, त्याच्यावर कुठे नाही रागावले मी? तारीख सांग."

"बारा जून एकाहत्तर."

"आल्मुटचं लग्न! आम्ही चर्चला निघालेलो. पुलाच्या वळणावर हा थांबला आणि नव्या कोटानिशी चरात उतरला. जाळी नव्हती, म्हणून माझ्या डोक्यावरची टोपी ओढली. नवी टोपी, मेल्यानं भुंग्यावर घातली! आम्ही पोचलो तर लग्न लागून गेलेलं."

बाई भिंगातून बघतच राहिली. म्हणाली, "आजी, हा भुंगा आता आपल्या भागात कुणाला दिसत नाही. जागा कळली, फार बरं झालं."

माझी टोपी गेली त्याचं कुणाला काही नाही.

एकतीसच्या एकतीस पेट्या घेतल्या तिनं. प्रत्येक टाचणीला खाली नवी चिठ्ठी लावणार, गाव, पूल, सगळं नीट.

मी म्हटलं, "मग ती जुनी काढून टाक."

"नाही हो आजी, आमच्यात जुनी चिठ्ठी कधीच काढत नाहीत. चुकीची असली तरी राहते."

"म्हणजे मी रागावले ते तिथे राहणार? मी मेल्यावरही?"

"संग्रहालय आहे तोवर."

"मग निदान खाली एवढं लिही, की रागावले ते बरोबरच होतं."

हसली, पण लिहिलं नाही. तेवढी जागा नसते म्हणे चिठ्ठीवर.

तुझ्या वहीत जागा आहे ना? मग लिही. बावीसच्या बावीस वेळा.