शेऱ्याचा रकाना

नोकरीची बहुतेक वर्षं मी तहसील कचेरीत नकला देण्यात घालवली. लोक जुन्या फेरफाराची मागणी घेऊन यायचे. मी रेकॉर्ड रूममधून लाल कापडात बांधलेला बस्ता काढायचो, मूळ कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवायचो आणि खाली 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल' असा शिक्का मारून सही करायचो. हे काम शिकवणाऱ्या हेडक्लार्कनं मला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या होत्या. मुळात चूक असली तरी नकलेत ती सुधारायची नाही. आणि आपल्या हातून खाडाखोड झाली तर लपवायची नाही, तिच्या बाजूला आपली आद्याक्षरं टाकायची. जे काही सांगायचं असेल ते शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात.

कचेरीत हे नियम मी मोडले नाहीत. घरी मोडले. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत मी एका खाडाखोडीवर सही करायचं टाळत आलो. त्या खाडाखोडीचं ओझं माझ्या मुलीनं वाहिलं.

मुलगी नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. तिची आई सकाळी पूजेला बसलेली असताना हृदय बंद पडून गेली. माती झाल्यावर घरात माणसं टेकली होती, तेव्हा नात्यातली एक बाई म्हणाली की घरात नर्स असून कसं काय कळलं नाही. मुलगी म्हणाली, आईनं फोनवर एकदा हात दुखतो म्हणून सांगितलं होतं, मी म्हटलं पाण्याची घागर उचलू नको, बाम लाव. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो,

"मला तर काईच बोलली न्हाई. तुला बोलली असंल तर बोलली असंल."

त्या दिवसापासून मुलगी घरी येते, चपला काढल्या काढल्या माझा बीपी बघते, जायच्या आधी पुन्हा एकदा बघते, आणि मुक्कामाला राहत नाही. दोनदा का बघतेस, असं मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आता खरं काय ते. बायकोसाठी फोन घेतला तेव्हा मानवतच्या दुकानदारानं विचारलं होतं, मॅडमचं वेगळं खातं काढू का तुमचंच टाकू? मी म्हणालो, माझंच टाका, घरचंच तर हाय. गॅसचं कार्ड, नळ, विजेचं मीटर, सगळं माझ्याच नावावर, तसंच तेही. दुकानदारानं फोन जे जे विचारत गेला त्याला भराभर 'होय' दाबलं आणि फोन तिच्या हातात दिला. म्हणजे फोन दोन आणि खातं एक. त्यामुळे व्हायचं असं, की ती तिच्या फोनला काही विचारायची आणि मी माझ्या फोनवर शोधायच्या चौकटीला बोट लावलं की तिचा प्रश्न तिथं खाली ओळीत उभा असायचा.

तिला टाइप करता येत नव्हतं. ती फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात बोलायची, शेजारणीच्या कानात बोलावं तशी. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी गेली, थापताना तुटायला लागली तर भाकरी कशी करावी. चारठाण्याच्या मंदिराला जायला गाडी कुठून मिळते. हा चारठाण्याचा प्रश्न तिनं वर्षभरात तीनदा विचारला होता. मला एकदाही नाही. की विचारला होता आणि मी ऐकला नाही, हेही आता सांगता येत नाही.

आमच्यात रोज सकाळी लिंगपूजा असते. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि डावा हात तसाच डोळ्यांसमोर धरून एकटक बघत बसायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा हात कधी हलल्याचं मी पाहिलं नव्हतं. शेवटच्या वर्षात एके दिवशी तिनं कोपराखाली तांदळाचा डबा ठेवला. मी चहा पीत समोर बसलो होतो. म्हणालो, "आता देवालाबी टेकू लागायलाय का?" ती हसली. डबा काढला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. बसस्टँडच्या मागं एका टपरीवर आम्ही तीन-चार पेन्शनर सकाळी बसतो. त्यातल्या एकाला सोयाबीनचा भाव बघायचा होता, त्यानं माझा फोन घेतला. चौकटीला बोट लावलं आणि वरची ओळ मोठ्यानं वाचली: लिंगपूजा उजव्या हातावर केली तर चालते का.

"काय तहसीलदार," तो म्हणाला, "सत्तरीला आल्यावर पूजा शिकायलाव का फोनपाशी?"

सगळे हसले. मीही हसलो आणि फोन ओढून घेतला. खाली अजून चार ओळी होत्या. त्या त्यानं वाचल्या नव्हत्या, मी वाचल्या. डाव्या हाताला मुंग्या कशानं येतात. हात वर धरला की छाती भरून येते. हात दुखतो आणि घाम येतो. पाचवी ओळ होती, बाईमाणसाला हार्टचा त्रास होतो का.

मी तिथंच, चहाचा ग्लास बाकावर ठेवून, एकेक ओळ दाबून धरली. पुसायची का, असं फोन विचारतो. पाचही वेळा मी होय म्हणालो. मला मित्रांपुढं लाज वाटली होती, एवढंच कारण. घरी जाऊन तिला म्हणालो, देवाधर्माचं फोनला काय इचारतीस, लोक हसायलेत. ती बरं म्हणाली. दुखतं काय, असं मी विचारलं नाही. दीड महिन्यानं ती गेली.

आमच्यात बसवून माती देतात आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. ते मी ठेवलं. बोटं मिटत नव्हती म्हणून वरून फडकं बांधलं. ज्या हातावर तिला धरवत नव्हतं त्याच हातावर ते आता कायमचं आहे.

यंदा उन्हाळ्यात फोनवर एक निरोप आला, की खात्यातला जुना इतिहास ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसला जाईल, तुमची संमती आहे का. खाली दुसरी एक ओळ होती: तुमच्या माहितीची नक्कल डाउनलोड करा. नक्कल हा शब्द मी दोनदा वाचला. मग मुलीनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर मागणी टाकली. कचेरीत मागणीला आठ दिवस लागायचे, इथं दुसऱ्या दिवशी फाइल आली.

उघडली तर लांबच लांब पान. त्याला ना रकाने, ना अनुक्रम. पंधरा-वीस दुपारी बसून मी ते सगळं एक्सेलच्या तक्त्यात उतरवलं. अनुक्रम, तारीख, वेळ, काय विचारलं, कोणी विचारलं, शेरा. 'कोणी'मध्ये दोनच शब्द होते, 'मी' आणि 'ती'. सोयाबीन, पेन्शन, महागाई भत्ता म्हणजे मी. भाकरी, चारठाणा, भाचीच्या डोहाळजेवणाला कसली साडी, म्हणजे ती. एका ओळीपाशी मात्र अडलो. घरात कोणी बोलत नसेल तर काय करावं. ती तिची की माझी, ते ओळखू येईना. तारखेवरून बघितलं तर ती हयात होती. मी 'ती' लिहिलं.

टपरीच्या त्या दिवसाच्या मागचापुढचा सगळा मजकूर फाइलीत होता. त्या पाच ओळींच्या जागी काहीच नव्हतं. वरची ओळ आणि खालची ओळ चिकटून बसल्या होत्या. बस्त्यातलं पान कुणी फाडलं तर दोऱ्याला चिमूटभर कागद तरी लागून राहतो, इथं तेवढंही नाही. आणि त्या दिवसानंतर 'ती' हा शब्द मला जवळजवळ लिहावाच लागला नाही. सगळं मीच. तिनं विचारणंच सोडलं होतं. तिच्या नावावर फक्त एक ओळ होती, टपरीच्या दिवसानंतर आठवड्याभरानं: काही नाही किती वाजले ते.

दुकानदारानं सगळ्यालाच होय म्हटल्यामुळे तिचे आवाजही खात्यात जमा झाले होते. या ओळीच्या आवाजाची छोटी फाइल होती. मी लावली. आधी आमच्या टीव्हीचा आवाज. मग तिचा श्वास, फोन अगदी तोंडाजवळ असल्यासारखा. मग लांबून एका माणसाचा आवाज, "आता काय इचारायलीस?" आणि मग ती,

"काई न्हाई. किती वाजले ते."

तो माणूस मी. ती ज्या पलंगावर बसायची, त्याच्यासमोर भिंतीवर हातभर मोठं घड्याळ आहे. तिला ते दिसत होतं.

त्या दुपारी मी तक्त्यात पाच ओळी घातल्या, लाल अक्षरात, जिथल्या होत्या तिथं. वेळेचा रकाना मोकळा सोडला, कारण वेळ मला माहीत नव्हती. शेऱ्यात प्रत्येक ओळीपुढं तेच लिहिलं: मूळ ओळ मी वाचली व नंतर पुसली. पुढं माझी आद्याक्षरं. मग मुलीला फोन करून म्हणालो, सुट्टी असंल तेव्हा ये, एक कागद दाखवायचाय. तिला वाटलं रिपोर्ट असेल. रविवारी पहिल्या गाडीनं आली.

नेहमीप्रमाणे आधी बीपी बघितला. थोडा जास्त होता, तिनं तो डायरीत लिहिला. मी लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला आणि कुठून वाचायचं ते सांगितलं. ती ओळीवर बोट ठेवून वाचते, आईसारखी. बोट लाल अक्षरांपाशी आलं आणि थांबलं. तिथून आडवं शेऱ्यापर्यंत गेलं.

"वाचून पुसलं, अप्पा?"

"होय."

"आन् मला म्हणलाव, तुलाच बोलली असंल."

मी होय म्हणालो. तिनं विचारलं, मी तीन वर्षं दवाखान्यात प्रत्येक म्हातारीचा डावा हात धरून विचारत फिरते, ते तुमाला ठाऊक व्हतं का. मला ते ठाऊक नव्हतं. पण ती झोपत नाही हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तसं मी सांगितलं. तिनं शेवटची ओळ वाचली, आवाज लावला. संपल्यावर पुन्हा लावला नाही. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला काही तरी बोलेल, आणि त्यातलं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

उठून तिनं कपाट उघडलं, आईचा फोन आणि चार्जर घेतला. म्हणाली, हे मी नेते. चहा ठेवू का म्हटलं तर गाडी हाय म्हणाली. बीपी दुसऱ्यांदा बघितला नाही. मशीन टेबलावरच राहिलं.

त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर ड्यूटीवर असल्याचा निरोप येतो. पण खातं अजून एकच आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या खात्यात नोंद दिसली, दुसऱ्या फोनवर, म्हणजे मुलीनं नेलेल्या, फोटो उघडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. साधारण तिची ड्यूटी सुटण्याच्या वेळेला. मी तक्ता पुन्हा काढला आणि त्या नोंदी उतरवू लागलो. 'कोणी'मध्ये तिसरा शब्द आला, 'मुलगी'.

मग एका सकाळी चौकटीला बोट लावलं आणि वरच्या ओळीत उभं होतं: लिंगपूजा उजव्या हातावर केली तर चालते का.

क्षणभर मला खरंच वाटलं की तीच आहे. मग कळलं. मुलीला बघायचं होतं की आईनं विचारल्यावर तिला उत्तर काय मिळालं असेल. तीन वर्षांत, आणि त्याआधी टपरीवर हसताना, हे बघावं असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी प्रश्न पुसला होता, उत्तराकडे बघितलंच नव्हतं. शेऱ्यात लिहिलं: उत्तर देणे बाकी.

आमच्या घरचे विधी करणारे स्वामी मानवतमध्येच राहतात. त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं. त्यांना नवल वाटलं. आजारी माणसानं पाटावर ठेवून केली तरी ती पूजाच, म्हणाले, हात उजवा का डावा हे धडधाकट माणसाला. मग म्हणाले, "कोण इचारायलंय?"

"घरच्यांनी इचारलं व्हतं. मागं."

"आक्कांनी? मंग मलाच का न्हाई इचारलं त्यांनी?"

मी सांगितलं, फोनला विचारलं होतं. फोननं काय सांगितलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नमस्कार करून उठलो.

घरी येऊन मी शोधायच्या चौकटीत टाइप केलं. एक बोट, चष्मा लावून, सावकाश. चालते. विचारून आलो. आजारी माणसाला पाटावर ठेवूनही चालते. शोध दाबलं. फोननं काय काय दाखवलं ते बघितलं नाही. मला फक्त ती ओळ तिकडच्या फोनवर जायला हवी होती.

मुलीनं ती वाचली की नाही, हे कळायचा मार्ग नाही. एवढंच कळतं, की तिनं दाबून धरून पुसली तर माझ्याकडूनही जाईल. म्हणून रोज पूजा झाली की मी आधी चौकटीला बोट लावून बघतो.

आज सकाळपर्यंत ती ओळ होती.