बाबांची पंच्याहत्तरी आणि माझं कोलकाता

सकाळी आठला फोन वाजला तेव्हा मी कोलकात्यातल्या हॉटेलात पलंगावर मांडी घालून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी हाणत होते. स्क्रीनवर नणंदेचं नाव दिसलं आणि घास हातातच राहिला. अकरा वर्षांत तिने मला स्वतःहून फोन केला नव्हता.

"वहिनी, पाचपर्यंत पोचते गं," ती म्हणाली. "कणीक घरूनच मळून आणते. पंच्याहत्तर दिवे करायचे म्हणजे वेळ लागणार. तू वाती तेवढ्या तुपात भिजवून ठेव."

क्षणभर मला कळेचना. मग लक्षात आलं. ती सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीबद्दल बोलत होती. आमच्या हिशेबाने ती अजून नऊ दिवसांवर होती!

आमच्या घरात सासूबाई होत्या तोवर सगळे वाढदिवस तिथीने व्हायचे. त्या गेल्यावर काही वर्षांनी मी तारखा सुरू केल्या. तिथी कोण शोधत बसणार? आधार कार्डावरची तारीख, एक केक, दोन फोटो, संपला विषय. बाबा कधी काही बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं त्यांना चालतंय. पण नणंदेने हे बदललेलं घर पाहिलंच कुठे होतं? मी तिला "बाबांच्या पंच्याहत्तरीला ये" म्हटलं, तिने कॅलेंडर काढून आईसारखी तिथी बघितली. दिवस कोणता, हे ना मी सांगितलं, ना तिने विचारलं.

आता खरं सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर, "ये, ये! मी दारातच उभी असेन. भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही हां!"

फोन ठेवला. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडे बघत उभा होता. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आपण कुठे आहोत?"

"माहितीये मला कुठे आहोत ते! बॅगा भरा."

का भरा, ते सांगते. माझी जीभ तिखट आहे, माहेरीही सगळे तेच म्हणायचे. मुलाच्या नवव्या वाढदिवसाला ही नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाच्या देवळाली कॅम्पातून बसने आमच्या सातपूरच्या घरी यायला निघाली आणि द्वारका चौकात दीड तास अडकली. मी तिची वाट बघितली नाही, केक कापून टाकला. ती घामाघूम होऊन दारात आली तेव्हा पंचवीस पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "वेळेवर येता येत नसेल तर येऊच नये माणसाने." ती रडली असती तर मी तिथल्या तिथे मऊ पडले असते. पण ती नुसती हसली. मुलाच्या हातात खेळणं दिलं, बाबांच्या पाया पडली आणि पाणीही न पिता गेली. तेव्हापासून देवळाली कॅम्प ते सातपूर हे अंतर तिने एकदाही ओलांडलं नाही. बाबा महिन्यातून एकदा बसने जाऊन तिला भेटून यायचे आणि घरी आल्यावर एक शब्द काढायचे नाहीत.

यंदा दिवाळीत मात्र बाबा म्हणाले, "मला पंच्याहत्तरीला हॉल नको, जेवणावळ नको. पोरीच्या हातचं औक्षण पाहिजे." मी दोन महिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एकदाचा फोन लावला.  ती म्हणाली, "तू दारात उभी राहणार असशील तर येईन."

आणि आता ती येणार, दारात मी नाही. तिला काय वाटणार? बोलावून घेतलं आणि मुद्दाम तोंडावर पाडलं. पुन्हा आली असती का ती? मेले तरी आले नसते, मी तिच्या जागी असते तर.

खरं म्हणजे तो माझाही दिवस होता. पोरगा पुण्याला शिकायला गेल्यापासून माझ्या वाढदिवसाला आम्ही दोघं दरवर्षी एक मोठं शहर बघतो. दिल्ली झाली, हैदराबाद झालं. कोलकाता मी पन्नाशीसाठी राखून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी पोचलो होतो. ट्राममध्ये बसायचं होतं, तांबड्या काठाची साडी घ्यायची होती. त्यातलं काही झालं नाही. साडेदहाच्या विमानाची तिकिटं मिळाली, हेच नशीब.

विमानतळावरून बाबांना फोन केला. सगळं सांगितलं आणि मी म्हणाले, "ताईला एवढ्यात काही सांगू नका, आम्ही निघालोच."

"मी खोटं बोलणार नाही," बाबा म्हणाले. "तिने विचारलं नाही तर सांगायलाही जाणार नाही."

"बाबा, आज तिथी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला माझी तिथी माहीत नसेल होय? दरवर्षी असते माहीत." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला फार लाज वाटली.

विमान तासभर उशिरा सुटलं. मुंबईत उतरून गाडी केली, तर पडघ्याच्या पुढे कंटेनर आडवा झालेला. पाच वाजले तेव्हा आम्ही जागचे हललेलो नव्हतो. पाच दहाला नणंदेचा फोन आला. मी घेतला नाही. पाच वीसला पुन्हा आला. नवरा म्हणाला, "घे आणि सांग खरं." मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. साडेपाचनंतर एकही फोन आला नाही आणि ते जास्त भयंकर होतं.

कसाऱ्याचा घाट चढलो. इगतपुरीला नवरा हळूच म्हणाला, "हॅपी बर्थडे." मी त्याच्यावर अशी खेकसले की ड्रायव्हरनेही आरशातून बघितलं. मग मलाच रडू फुटलं. बिचाऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली.

आठ वाजून गेले तेव्हा बिल्डिंगखाली उतरलो. बॅगा नवऱ्यावर सोडून मी जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर आमचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत बाबा खुर्ची टाकून बसलेले, नवा सदरा घालून. उंबऱ्याच्या बाहेर, पायपुसण्याच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत नणंद. केस पिकलेले. मांडीवर स्टीलचा डबा. बापलेक चहा पीत होते.

"शेजारच्या भाभी साडेपाचला सांगून गेल्या," ती म्हणाली. "की तुम्ही कोलकात्याला गेलाय."

म्हणजे अडीच तास तिला सगळं माहीत होतं.

"मग आत का नाही बसलीस?"

"तू तुकडा ओवाळणार म्हणाली होतीस ना."

"मी किती सांगितलं," बाबा म्हणाले, "ऐकेल तर शपथ."

मी चपला भिरकावून स्वयंपाकघरात पळाले. आम्हीच नव्हतो, घरात काय असणार? बाबांना खानावळीतून येणाऱ्या डब्यातली अर्धी भाकरी होती. तिचा तुकडा मोडला, तांब्यात पाणी घेतलं. घाईत अर्धं पाणी पॅसेजमध्येच सांडलं. ती उठून उभी राहिली. मी तुकडा ओवाळला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं, तुकडा बाहेर टाकला. अकरा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते आता नाही तर कधीच बोलून होणार नव्हतं.

"चुकलं गं माझं, ताई. तेव्हाही चुकलं आणि आज तर..." मी हातातला तांब्या खाली ठेवला. "केवढा उशीर केला मी."

तिने डबा माझ्या हातात दिला. कणीक अजून ओली होती. वरून तिने ओलं फडकं घातलं होतं. माझ्याकडे बघून ती हसली, तशीच, त्या दिवशी हसली होती तशी.

"उशीर झाला तरी यावं माणसाने," ती म्हणाली आणि उजवा पाय आत टाकला.