तक्त्यावरची शेवटची ओळ

अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म वाचायचो. पाइपच्या जोडात केसाएवढा तडा असला तरी तो दिसलाच पाहिजे, हा आमचा धंदा. मी डोंबिवलीचा, तो चीनचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. हिंदी तो आमच्याकडूनच शिकला होता आणि आमच्याइतकीच वाईट बोलायचा.

या कामाला दरवर्षी डोळे तपासून घ्यावे लागतात. हातात तक्ता देतात. एक डोळा झाकून अगदी खालची बारीक आकड्यांची ओळ वाचायची. तक्ता मात्र वर्षानुवर्षं तोच. त्यामुळे तपासणीच्या सकाळी चहा पिता पिता आम्ही ती ओळ घोकायचो आणि कोणी अडलं की मागच्याने हळूच सांगायचं. याला कोणी फसवणूक म्हणत नसे. आपली नजर उत्तम आहे, मग नसती कटकट कशाला, असा आमचा तोरा.

चार वर्षांपूर्वी उस्ताद उजव्या डोळ्याने वाचताना अडला. मी मागून शेवटचे तीन आकडे कुजबुजलो. तपासणाऱ्याचं लक्ष मोबाइलमध्ये. "यल्ला, नेक्स्ट!" बाहेर आल्यावर उस्तादने माझ्या पाठीवर थाप मारली. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी विचारच केला नाही. पुढच्या वर्षीही सांगितलं.

मग एका जोडातला तडा त्याच्या नजरेतून सुटला. तीच फिल्म पुन्हा माझ्याकडे आली म्हणून निभावलं. मी त्याच्यावर वाट्टेल तसा ओरडलो. तेव्हा कुठे त्याने सांगितलं, की उजव्या डोळ्याला सरळ रेघ मधेच वाकडी दिसते आणि मधोमध डाग आहे.

"कबसे?"

"दो साल. तू नंबर बोला, तबसे."

अबू धाबीच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच त्याला घेऊन गेलो, दुभाषा म्हणून. डोळ्याच्या पडद्याखाली, अगदी मध्यावर, रक्त साकळून वण पडला होता. आईचं आणि मामाचंही म्हातारपणी असंच झालं, हे त्याने तिथे पहिल्यांदा सांगितलं. त्याच्या घरी ते वयावर ढकललेलं. बाईंनी समजावलं: वय आहेच, सिगारेट आहेच, पण काही जनुकांतले बदलही धोका वाढवतात. गोऱ्यांमध्ये नेहमी सापडणारा एक बदल चिनी लोकांत क्वचित असतो. दुसरा एक मात्र त्यांच्यात पुष्कळ आढळतो, आणि हा रक्तस्रावाचा प्रकारही. वेळेवर आले असते तर इंजेक्शनं देऊन नजर बरीच राखता आली असती, असंही त्या म्हणाल्या. ते वाक्य हिंदीत मलाच सांगावं लागलं.

वर्षभरात डावा डोळाही गेला, इंजेक्शनं देऊनसुद्धा. नोकरी तर आधीच सुटली होती. आता तो शारजात, अल मजाजला मुलीकडे राहतो. मी महिन्यातून एकदा जातो. माझ्याशी तो कधी कडू बोलला नाही, आणि मला तेच सोसत नाही.

गेल्या रविवारी आम्ही खाडीकाठच्या बाकावर बसलो होतो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलीने स्वतःची जनुकं तपासून घेतली होती. त्याचा इंग्रजी रिपोर्ट.

"बेटी पढ़के सुनाया. सब ठीक, बोलती है," तो म्हणाला. "बहुत फास्ट पढ़ा. मैं भी ऐसा ही पढ़ता था. तू पढ़. लास्ट लाइन."

मी वाचलं. सगळं ठीक आहे म्हणणं किती सोपं होतं! तोंडापर्यंत आलंही होतं. पण या माणसाला मी दोनदा सोपं तेच सांगितलं होतं. मी ओळ जशीच्या तशी सांगितली: धोका वाढवणाऱ्या त्या बदलाच्या दोन्ही प्रती आढळल्या. एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

"एक मेरा."

"हां, उस्ताद."

जनुकं बदलता येत नाहीत, हे बाईंनी आम्हाला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. त्याने कागद चाचपडत घेतला आणि जुन्याच घड्यांवर परत मिटला.

"देखके पढ़ा ना? याद से नहीं बोला?"

"देखके पढ़ा," मी म्हणालो.