एसटीवाल्यांचा एल

नोटीस बोर्डावर माझ्या नावापुढे बासष्ट टक्के बघितले आणि मी जागच्या जागी पेटले. हजेरी पंच्याहत्तरच्या खाली, म्हणजे हॉल तिकीट नाही, पालकांना घेऊन या. अंगात ताप असतानाही मी सिन्नरहून सकाळची एसटी धरलेली. मग बासष्ट आणले कुठून मेल्यांनी?

दुसऱ्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कारखान्यातली पाळी बुडवली. ते माझ्याबरोबर सकाळच्या एसटीत बसले. मोहदरी घाट उतरल्यावर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "घरून तर रोज निघायची तू. मंग जात कुठं व्हती?"

आई गं, हॉल तिकीट राहिलं बाजूला! यांना वाटतंय मी भलतीकडेच फिरत होते. हे असंच मनात राहिलं तर कॉलेज बंद, आणि मामांनी आणलेलं स्थळ तर तयारच होतं.

यंदापासून कॉलेजच्या ऑफिसात हजेरी एक्सेलमध्ये काढत होते. ते काम बघणाऱ्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "कॉम्प्युटर चुकत नसतो. मुली घरी एक सांगतात आणि इथे..."

अण्णांनी मान खाली घातली. ते बघून माझं डोकं फिरलं. "इथे काय, मॅडम? माझी ओळ उघडून दाखवा आधी!"

"हळू बोल," अण्णा पुटपुटले.

मॅडमनी नाक मुरडत ओळ उघडली. पी, पी, पी, मध्येच एखादा ए. आणि पहिल्या तासाच्या प्रत्येक रकान्यात एल.

"हे एल कसले?" मॅडमनीच विचारलं.

"एसटीवाल्यांचे," मी म्हणाले. आमची गाडी पोचायची तोवर पहिला तास सुरू झालेला असायचा. सर हसून म्हणायचे, "आले एसटीवाले, बसा," आणि हजेरीत लेटचा एल टाकायचे. हाताने मोजायचे तेव्हा ऑफिसात एल हजरच धरत. मॅडमचा फॉर्म्युला मात्र फक्त पी मोजत होता. रोजचा एक तास आम्ही वर्गात बसूनही गैरहजर!

मॅडमनी फॉर्म्युल्यात पीच्या पुढे अधिक चिन्ह देऊन एलची मोजणी जोडली. वाढलेच नाहीत आकडे तर? मॅडमनी एंटर दाबलं. बासष्टचे ब्याऐंशी झाले. त्यांनी फॉर्म्युला खाली ओढला, तसे बाकीच्या एसटीवाल्यांचेही आकडे वर गेले.

"अगं बाई," मॅडम म्हणाल्या. मग अण्णांकडे वळून, "चूक माझी झाली हो. पोरगी रोज येते तुमची."

"चालायचंच," अण्णा म्हणाले. येताना त्यांनी मला स्टँडवर उसाचा रस पाजला. मी घाटभर बडबडत होते, इतकं हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले, तर अण्णा दारात चपला घालून उभे. म्हणाले, "दुसरी पाळी घेतली. सोडून येतो."

परीक्षा होईपर्यंत ते रोज कॉलेजच्या गेटपर्यंत आले. एकदा न राहवून मी विचारलंच, "अण्णा, ब्याऐंशी आहेत ना आता?"

"हायेत की," ते म्हणाले, आणि कंडक्टरकडे दोन तिकिटं मागितली.